पाना धर, सोडू नको!

डेट्रॉईटजवळ, मिशिगन
रविवार, रात्र

ती. नाना आणि आईस,


काल फोन कट झाला तेव्हा तुम्ही "पाना धर, सोडू नको!" असं ओरडत होतात आणि मागे आईच्या मालिकेत कुणीतरी रडत "मी हे घर सोडून चालले" म्हणत होतं. तुमचा जीव टांगणीला लागला असेल, म्हणून आधी निकाल सांगते. नट सुटला, रेडिएटर शाबूत आहे, तुमचे जावईही शाबूत आहेत. त्यांचा पांढरा टी-शर्ट तेवढा गेला.

आता सगळं बैजवार. आमची व्हॅन १९९६ची, पोरांपेक्षा वयाने मोठी. मंडळाच्या गणपतीचं मखर दरवर्षी तिच्यातूनच जातं, म्हणून ती काढवत नाही. गेल्या महिन्यात अंगणात तिच्याखाली लाल थेंब दिसायला लागले. धाकट्याने जाहीर केलं, "गाडीला लागलंय, रक्त येतंय." गॅरेजवाला म्हणाला, गिअरच्या तेलाचे पाइप गंजून पाझरतायत. नवीन पाइपांची किंमत बेताची, पण मजुरी ऐकून ह्यांनी खिशातला हात बाहेरच काढला नाही. वर गॅरेजवाला म्हणतो, नट सोडवताना रेडिएटर फुटला तर तो खर्च वेगळा.

नाना, इकडच्या बहुतेक गाड्यांना क्लचचं पेडल नाही हे तुम्हाला माहीत आहे. आत तेलच दाबाने सगळं काम करतं, आणि काम करून तापतं. ते निववायला रेडिएटरच्या टाकीत, पाण्याच्या पोटात, आणखी एक छोटा कूलर बसवलेला असतो. गिअरबॉक्समधून एका पाइपने तेल तिथे जातं, दुसऱ्याने थंड होऊन परत येतं. म्हणजे गरम पाणी आणि तेल यांच्यामध्ये एवढासा पत्रा. तो फाटला की दोन्ही एक होतात आणि रेडिएटरमध्ये दिवाळीच्या आधीच गुलाबी उटणं तयार. मग गिअरबॉक्सलाही रामराम.

गंजाचं म्हणाल तर तो इथला कुलाचार आहे. हिवाळाभर रस्त्यावर बर्फ वितळायला मीठ टाकतात. डेट्रॉईट शहराच्या खाली सुमारे १२०० फुटांवर मिठाची खाणच आहे. आपल्याकडे लोणच्याला मीठ लागतं, इथे गाडीचंच लोणचं होतं.

तर शनिवारी सकाळी ह्यांनी बाह्या सरसावल्या. "दोन नट तर आहेत. घोडनदीच्या माणसाला हे काय सांगायचं? घरात ट्रॅक्टर होता आमच्या." घोडनदी म्हणजे शिरूर, आणि शिरूरची पद्धत तुम्हाला ठाऊक आहेच. आधी जोर, मग जास्त जोर, मग हातोडा. फिक्स पाना लावून ह्यांनी असा हिसका दिला की नटाचे दोन कोपरे घासून गेले. दुसऱ्या हिसक्याला नट फिरला, म्हणून हे खालून "सुटला!" ओरडले. मी वरून बघितलं, तर नटाबरोबर रेडिएटरमधला पितळेचा अडॅप्टरही फिरायला निघाला होता. तो फिरला असता तर आतला कूलर गेलाच म्हणून समजा. हे हातोडा शोधायला उठले आणि मी फोन शोधला.

तुमच्याकडे साडेसात वाजले होते. आईने मालिकेचा आवाज कमी केला नाही, पण फोन तुमच्या हाती दिला, हेही कमी नाही. रेल्वेतल्या सवयीने तुम्ही पहिलंच विचारलंत, "गाडीखाली माणूस आहे, लाल झेंडी कुठाय?" ह्यांना ते हास्यास्पद वाटलं. धाकट्याने मात्र त्याच्या ताईचा लाल स्कार्फ आरशाला बांधला. मग तुम्ही खालच्या घोड्या तपासायला लावल्यात आणि नुसत्या जॅकवर काम करणाऱ्यांचा उद्धार केलात, तो मी ह्यांना भाषांतर न करता जसाच्या तसा ऐकवला.

कॅमेऱ्यात नट बघून तुम्ही म्हणालात, "याला दोन पाने लागतात. एकाने अडॅप्टर धरायचा, दुसऱ्याने नट सोडायचा. धरणारा हात मेला तरी हलता कामा नये." त्याच वेळी शेजारचे आजोबा कुंपणापाशी आले. चाळीस वर्षं गाड्यांच्या कारखान्यात काढलेला माणूस. ऑटोमॅटिक गिअर १९३९ साली इथेच डेट्रॉईटमध्ये पहिल्यांदा घाऊक बनला, ओल्डस्मोबिलसाठी, हे ते भेटेल त्याला ऐकवतात. त्यांनी नटाकडे पाहिलं, मान हलवली आणि दोन बोटं वर केली. तिकडून तुम्हीही दोन बोटं वर केलीत. तुम्हाला इंग्रजी नको, त्यांना मराठी नको. अर्धा तास तुम्ही दोघं एकमेकांना खुणा करत होतात आणि अधूनमधून ह्यांच्याकडे बघून सारखीच मान हलवत होतात.

आजोबांनी घरातून खास पाना आणला. रिंग पान्यासारखाच, फक्त एका बाजूला फट. त्या फटीतून पाइप आत घ्यायचा की पाना नटाला पाच बाजूंनी मिठी मारतो, कोपरे घसरत नाहीत. गंज सुटायचा फवारा मारून अर्धा तास थांबायला सांगितलं. तुम्ही पाइपांना हिरवी आणि पांढरी पट्टी बांधायला लावलीत, रेल्वेच्या ब्रेकच्या होजसारखी, म्हणजे उलटसुलट नको.

त्या अर्ध्या तासात मला दौंडचा प्लॅटफॉर्म आठवला. डबा घेऊन मी तुमच्याकडे यायचे. पुण्याकडून आलेली गाडी मनमाडला जायची, म्हणून तुम्ही लोक एका टोकाचं इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला लावायचात. आधी अँगल कॉक बंद, मग होज, मग कपलिंग. नवखे प्रवासी गाडी उलटी निघाली की घाबरायचे, आपण परत पुण्याला चाललो म्हणून, आणि तुम्ही त्यांच्याकडे न बघता हात पुसत असायचात. आता कॉर्ड लाइन झाल्यापासून बऱ्याच गाड्या दौंड जंक्शनला न येताच वळतात म्हणे. इंजिन बदलताना चहा पिणारी माणसं आता कुठे पितात?

असो. मी पाना धरला, ह्यांनी फिरवला, तुम्ही ओरडलात आणि फोन गेला. मग 'टक्' असा बारीक आवाज झाला. मला वाटलं, गेला रेडिएटर. पण माझा हात हलला नव्हता. नट एकटा फिरला, पाव वेढा, मग अर्धा, आणि पाइपातून लाल तेल थेट ह्यांच्या छातीवर. आजोबांनी टाळ्या वाजवल्या. हे लाल टी-शर्टात गाडीखालून बाहेर आले तेव्हा समोरची बाई पोलिसांना फोन लावणार होती.

नवे पाइप बसवताना आटे आधी हाताने लावले, पाना शेवटी. गाडी सुरू ठेवून तेल पाहिलं, भर घातली. आज दिवसभर अंगण कोरडं आहे. धाकट्याला जरा वाईट वाटलं.

शिरूरला यातलं काही कळवू नका. तिकडे ह्यांनी "एका हिसक्यात सोडवला" असं कळवून झालंय.

तुमची,
ताई

ता. क. : आईला विचारा, ती बाई शेवटी घर सोडून गेली का? शेजारचे आजोबाही विचारत होते.