याला मंजुरी कोणी दिली?

सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाबरोबर प्रवासाला जाऊ नये. आमचे मामा खात्यातून निवृत्त झाले, पण खातं अजून मामांतून निवृत्त झालेलं नाही. लंडनहून गाडीने तासाभरात ब्रायटनला उतरलो आणि स्टेशनासमोरचा उतार उतरता उतरता त्यांनी रस्त्याचा ढाळ, गटारांच्या जाळ्या आणि फुटपाथच्या फरश्या तपासून ‘ठीक’ असा शेरा मारला. मामी समुद्र शोधत होत्या.

उताराच्या पायथ्याशी १८८८ सालचा घड्याळाचा मनोरा आहे. त्याच्या टोकावरच्या काठीवर तांब्याचा गोळा. तासातासाला हा गोळा वर चढायचा आणि ठोक्याला खाली यायचा. ही करामत मॅग्नस व्होल्क नावाच्या स्थानिक संशोधकाची. पण आवाजाने शेजारी वैतागले, तक्रारी झाल्या आणि गोळा जागच्या जागी बसवण्यात आला.

“तक्रार केली आणि काम थांबलं?” मामा रस्त्यातच उभे राहिले. “हे लोक अर्ज कुठल्या खिडकीवर देतात?”

ब्रायटन मुळात कोळ्यांचं गाव. १७५० मध्ये रिचर्ड रसेल या डॉक्टरांनी लॅटिनमध्ये प्रबंध लिहून जाहीर केलं, की समुद्राचं पाणी गाठींच्या विकारांवर उत्तम. त्यात डुंबायचंच, शिवाय ते प्यायचंही. बडी मंडळी ब्रायटनला लोटली. मामींनी या उपचारावर एकच शंका काढली: “ते पाणी प्यायलेला माणूस बरा होत असेल, की परत आजारी आहे म्हणायला धजत नसेल?”

१७८३ मध्ये युवराज जॉर्ज आले. समुद्र, पत्ते, घोडे आणि लंडनमधल्या वडिलांपासूनचं अंतर, सगळंच त्यांना मानवलं. ऋण काढून सण करणारे पुष्कळ असतात. जॉर्जनी ऋण काढून राजवाडा केला. १७८७ मध्ये पार्लमेंटने त्यांचं १ लाख ६१ हजार पौंडांचं कर्ज फेडलं. १७९५ मध्ये आकडा ६ लाख ३० हजारांवर गेला, तेव्हा कर्जफेडीची सोय व्हावी म्हणून त्यांनी आतेबहीण कॅरोलाइनशी लग्न केलं. मारिया फिट्झहर्बर्टशी १७८५ मध्ये गुपचूप लावलेलं लग्न तेव्हा सोयीस्करपणे विस्मरणात गेलं.

त्या हौसेचं फळ म्हणजे रॉयल पॅव्हिलियन. साध्या इंग्रज रस्त्याचं वळण संपतं आणि अचानक घुमट, मिनार, जाळ्या, छत्र्या! वरचे घुमट पाहून मामी म्हणाल्या, “मोदक छान वळलेत. पण कळ्या फार कमी पडल्यात.” १८१५ पासून सातेक वर्षं खपून जॉन नॅशने हा हिंदुस्थान उभारला. नॅशने हिंदुस्थान पाहिला नव्हता. जॉर्जनीही नाही. बाहेरून मुघल झाल्यावर आतून निदान राजपूत असावं, तर आत चीन! जेवणघराच्या छताखाली चांदीचा पंखवाला ड्रॅगन आणि त्याच्या नखांत एक टन वजनाचं झुंबर. मामा त्याच्याखाली उभे राहायला तयार होईनात. “याला मंजुरी कोणी दिली?” हा प्रश्न त्यांनी तिथल्या स्वयंसेविकेला इंग्रजीत विचारला. “राजाने,” ती म्हणाली. “आणि तपासणी?” ती गोड हसली.

तेवढ्यात मामांना इथली एक जुनी नेमणूक कळली. पाटण्याला जन्मलेल्या शेख दीन महंमद यांनी १८१४ च्या सुमारास इथे स्नानगृह काढून चंपी-मालिश सुरू केली आणि पुढे ते राजाचे ‘शाम्पूइंग सर्जन’ झाले. “मालिश करून सर्जन!” मामा म्हणाले. “वेतनश्रेणी बघायला हवी.”

व्हिक्टोरिया राणीला मात्र पॅव्हिलियनची ही हौस मानवली नाही. १८५० मध्ये वाडा गावानेच विकत घेतला. डिसेंबर १९१४ मध्ये इथे खरा हिंदुस्थान आला: फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेले आपले शिपाई. संगीतगृहात खाटा लागल्या. धर्म आणि जाती सांभाळायला नऊ स्वयंपाकघरं, हिंदू-मुसलमानांना पाण्याचे नळ वेगळे. जे हिंदू आणि शीख वाचले नाहीत, त्यांतल्या ५३ जणांना गावाबाहेरच्या टेकडीवर अग्नी दिला. तिथे १९२१ मध्ये संगमरवरी छत्री उभी राहिली. तिचा आराखडा मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्सचा. म्हणजे ब्रायटनमध्ये हिंदुस्थानी घुमट बांधताना एकदा तरी हिंदुस्थान पाहिलेल्या माणसाला विचारलं गेलं. इथे मामांनी कसलीच मंजुरी विचारली नाही.

‘लेन्स’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या बोळांत सराफांची दुकानं इतकी दाटीची, की मामींची चाल मंदावली आणि मामांची वाढली. किनाऱ्यावर वाळू नाहीच, नुसते गोटे. त्यांवर इंग्रज उघडे पडून राहतात आणि त्याला विश्रांती म्हणतात. सीगल पक्षी आपल्या हातातले चिप्स आपल्याआधी खातात. पश्चिमेला होव्हच्या ब्रन्सविक स्क्वेअरमधली घरं एकाच साय-रंगाची. रंग तोच आणि पाच वर्षांनी पुन्हा द्यायचा, असा नियमच आहे. “आणि खरंच देतात?” मामांनी भिंतीवरून बोट फिरवून पाहिलं. बोट स्वच्छ निघालं. त्यांच्या चेहऱ्यावर मी इतकी श्रद्धा पंढरपुरातही पाहिली नव्हती.

शेवटी पुन्हा व्होल्कच. त्याने १८८३ मध्ये किनाऱ्यावर सुरू केलेली विजेची छोटी रेल्वे अजून धावते. जगात चालू असलेली विजेवरची सर्वांत जुनी. पण त्याचं समाधान होईना. १८९६ मध्ये त्याने रूळ समुद्रात टाकले आणि तेवीसेक फूट उंच पायांवर उभा असलेला डबा भरतीच्या लाटांतून रॉटिंगडीनपर्यंत चालवला. आगगाडी म्हणावी तर तिच्यावर कप्तान आणि जीवरक्षक होडी. जहाज म्हणावं तर खाली रूळ. आठवड्याभरात वादळाने ती आडवी केली. व्होल्कने ती परत उभी केली आणि १९०१ पर्यंत चालवली.

मामा बराच वेळ समुद्राकडे बघत होते. मग म्हणाले, “ही फाइल माझ्या टेबलावर आली असती, तर मी ‘अव्यवहार्य’ लिहून परत पाठवली असती.”

“माहीत आहे,” मामी म्हणाल्या. “गॅलरीतल्या झोपाळ्याच्या कड्यांवर तेच लिहिलंत. आता घरी गेलो की ती फाइल काढा.”

मामांनी तत्काळ उत्तर दिलं, “स्लॅबची तपासणी करावी लागेल.”