जुन्या घराला छत्री लावण्याची शास्त्रोक्त पद्धत

डिश लावायला किती वेळ लागतो, असं विचारलं की दुकानातला पोरगा सांगतो, ‘अर्ध्या तासाचं काम.’ तो खोटं बोलत नाही. चार बोल्ट आवळणे, वायर ओढणे आणि टीव्हीवर चित्र आणणे याला अर्धाच तास लागतो. प्रस्तुत मार्गदर्शिका त्या अर्ध्या तासाच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या काळासाठी आहे. ती मालवण, कुडाळ, कणकवली, वेंगुर्ले या बाजूच्या चिऱ्यांच्या, कौलारू, किमान तीन वाटेकरी असलेल्या आणि फक्त मे महिन्यात व गणपतीत भरणाऱ्या घरांना लागू आहे. ज्यांचं घर एकट्याच्या नावावर आहे त्यांनी पुढे वाचू नये. त्यांना काही कळणार नाही, आणि आम्हाला त्यांचा हेवा वाटेल.

प्रथम आकाशाकडची बाजू समजून घ्यावी, कारण तीच सोपी आहे. विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर उपग्रह आहे. तो पृथ्वीबरोबरच फिरतो, म्हणून आपल्याला एका जागी टांगल्यासारखा असतो. दूरदर्शनची फ्री डिश ज्यावरून येते तो जीसॅट-१५ नोव्हेंबर २०१५मध्ये फ्रेंच गयानातल्या कुरूहून उडाला आणि ९३.५ अंश पूर्व रेखांशावर जाऊन बसला. एवढ्या अंतराची सोय सरकारने केलेली आहे. छत्रीपासून टीव्हीपर्यंतचे तीस मीटर तेवढे तुमचे. सिग्नल मरतो तो या तीस मीटरांत.

मालवणातून पाहिलं तर हा उपग्रह आग्नेयेला, जमिनीपासून साधारण ६० अंश वर येतो. ८३ अंशांवरचे पैसे भरून बघायचे उपग्रह थोडे दक्षिणेकडे आणि आणखी वर, ६८ अंशांच्या आसपास. हे आकडे पाठ करून ठेवावेत, कारण खळ्यात खुर्च्या टाकून बसलेल्या मंडळींपैकी एक जण हमखास म्हणणार, ‘आपल्याकडे डोंगर आडवा येतो.’ हे मत १९८०च्या दशकातलं आहे. तेव्हा बांबूला ॲल्युमिनियमचा काट्यांचा अँटेना बांधून तो जमिनीवरच्या मनोऱ्याकडे वळवावा लागे. मध्ये डोंगर असला की पडद्यावर मुंग्या येत आणि कौलांवर चढलेल्या मुलाला ‘आला... गेला... आला, आता हलू नको’ असं ओरडून सांगावं लागे. आता साठ अंशांवर बघायचं तर सह्याद्रीसुद्धा आडवा येत नाही.

आडवा येतो तो माड.

माडाची तपासणी अशी करावी. आग्नेयेकडे तोंड करून उभं राहावं. हात सरळ लांब करून मूठ वळली की ती आकाशातली सुमारे दहा अंश जागा व्यापते. क्षितिजापासून एकावर एक सहा मुठी मोजत वर जावं. सहावी मूठ जिथे संपते तिथे निळं आकाश हवं, झावळ नको. ही पद्धत पूर्णपणे शास्त्रीय आहे, मात्र ती करताना समोर धाकट्या काकांचं बिऱ्हाड नाही याची खात्री करून घ्यावी. सकाळी सकाळी पुतण्या आपल्या दाराकडे तोंड करून एकामागून एक मुठी उगारतोय, हे दृश्य वाटणीचा दावा कोर्टात असताना वेगळ्या प्रकारे वाचलं जातं.

माड आडवा आला तर त्याची मालकी तपासावी. घर तिघांचं, जमीन पाच जणांची आणि माड लावणारीचा, अशी स्थिती सर्वसाधारण असते. आपण कोयता घेऊन निघण्याआधीच मागच्या पडवीतून आवाज येईल, “माज्या माडाक कोणी हात लावल्यान तर बघून घेईन. औंदा शंभर नारळ दिल्यान त्येणा.” येथे काकींशी तंत्रज्ञानावर चर्चा करू नये. माड हलत नाही, उपग्रह हलत नाही आणि काकी हलत नाहीत. हलवता येते ती फक्त छत्री. दहा फूट बाजूला सरकली तरी बहुधा काम होतं. उपग्रह इतका लांब आहे की त्याला तुमच्या दहा फुटांचा पत्ता लागत नाही. वाटेकऱ्यांना लागतो.

तेव्हा जागा निवडण्याचा मुद्दा. कौलांवर छत्री लावू नये. मंगलोरी कौल ऊन-पाऊस झेलायला केलेलं आहे, डिशवाल्याचा पाय झेलायला नाही. चढायचंच असेल तर पाय वाशाच्या रेषेवर पडला पाहिजे, दोन वाशांच्या मधे रिपेवर नव्हे. हे त्या पोराला खालून सांगेपर्यंत पहिलं कौल फुटलेलं असतं. जुन्या घरावरच्या कौलाच्या जोडीला नवं कौल नीट बसत नाही. मग तिथे पत्र्याचा तुकडा सरकवतात, आणि पुढची वीस वर्षं ‘डिश लावली तेव्हापासून गळतंय’ हे वाक्य घरात चालू राहतं.

भिंतीला लावावी, तर भिंत चिऱ्याची. जांभा दगड खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो आणि हवा लागली की टणक होतो, पण आतून असतो भोकाभोकांचाच. त्यात फास्टनर ठोकला की आधी बसल्यासारखा वाटतो, आणि पहिल्या वादळात तळहाताएवढ्या लाल मातीसकट बाहेर येतो. त्यातून जुन्या भिंतीचे चिरे मातीत बसवलेले, वर चुन्याचा गिलावा. हॅमर मशीन लावलं तर भोक कमी आणि कोनाडा जास्त होतो.

अनुभवी लोक म्हणूनच थेट मागच्या दारी जातात. दीडशे वर्षांच्या घरात काँक्रीटची जागा एकच असते. मुंबईच्या भावाने मुलांची गैरसोय होते म्हणून बांधलेला संडास-बाथरूमचा स्लॅब. सपाट, भक्कम, माडापासून लांब, फास्टनर घट्ट धरणारा. सिंधुदुर्गात फिरताना पाहावं, किती घरांच्या छत्र्या या एका जागेवरून अवकाशाशी संपर्क साधून आहेत. मुंबईच्या भावाला फोनवर कल्पना द्यावी, परवानगी मागू नये. परवानगी मागितली की त्याला आपला हक्क आठवतो.

छत्री बसवताना नवखा माणूस गोंधळतो, कारण ती बघते एकीकडे आणि दिसते दुसरीकडे. घरगुती डिशचा तवा पूर्ण वाटोळ्या परवलयाचा नसतो, बाजूचा एक तुकडा कापून केलेला असतो. म्हणून एलएनबी, म्हणजे लहरी पकडणारी ती डबी, खालच्या दांड्यावर असते आणि तवा वाटतो त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वर बघत असतो. थोरल्या आत्याची नजर जशी चहाच्या कपावर दिसते आणि असते तुमच्या ताटावर, तसं हे समजावं. जवळ मीटर नसेल तर गावातल्या दुसऱ्या छत्रीकडे बघून आपली लावावी, फक्त ती त्याच कंपनीची आहे ना ते विचारून. मोबाईलच्या होकायंत्रावर पत्र्याजवळ उभं राहून विश्वास ठेवू नये. पडद्यावर दोन पट्ट्या येतात, ताकदीची आणि दर्जाची. ताकदीची पट्टी छत्री कुठेही वळवली तरी भरलेली दिसू शकते. बघायची ती दर्जाची.

आता वायर. कंपनी जी वायर फुकट देते ती बहुधा दहा मीटर असते, आणि आपल्या घरात संडासापासून ओटीपर्यंतचं अंतर ठरवलं ते पणजोबांनी, दुर्गंधीचा विचार करून. वाढीव वायर घ्यावीच लागते. आरजी-६ म्हणून मागावी, तांब्याची मधली तार जाड बघून घ्यावी, आणि एकसंध तुकडा घ्यावा. दोन तुकडे पिळून वर काळी टेप गुंडाळणं हा आपल्याकडचा राष्ट्रीय जोड आहे, पण या वायरीला तो चालत नाही. तिच्यातून नुसतं चित्र खाली येत नाही, टीव्हीजवळच्या सेट-टॉप बॉक्समधून वर वीजही जाते. वरच्या एलएनबीला कधी १३ व्होल्ट, कधी १८ व्होल्ट पाठवून बॉक्स सांगतो की उभ्या लहरी पाहिजेत की आडव्या. वायरीतल्या बाहेरच्या जाळीचा एक केस जरी मधल्या तारेला टेकला तरी सगळं ठप्प.

वायर आत कुठून आणायची? चिऱ्याची भिंत दीड-दोन फुटांची आणि डिशवाल्याचा ड्रिल बिट वीतभर. तो दोन्ही बाजूंनी भोकं पाडतो आणि ती मधे भेटत नाहीत. मग तो वायर खिडकीतून घेतो, आणि ती खिडकी त्यानंतर कधीही पूर्ण लागत नाही. यापेक्षा चांगली वाट घरानेच ठेवलेली आहे. जुन्या कौलारू घरातल्या आतल्या भिंती छपरापर्यंत जात नाहीत. माळ्यावरून धूर, उंदीर आणि एका खोलीतलं बोलणं दुसऱ्या खोलीत मोकळेपणाने जातच असतं. त्यांच्यासोबत वायरही जाऊ द्यावी. उंदरांसाठी ती पीव्हीसी पाइपात घालावी. आणि घरात शिरण्याआधी वायरीला बाहेर एक झोळ सोडावा, म्हणजे पावसाचं पाणी झोळातून टपकेल, वायरीवरून आत चालत येणार नाही. घरातल्या लाकडी पट्टीवरच्या जुन्या वायरिंगला चिकटून ही वायर नेऊ नये. त्या पट्टीत कुठली तार कुठे जाते हे जाणणारा वायरमन बहुधा हयात नसतो.

इथवर आलात की वाटेकरी प्रश्न विचारतील: टीव्ही कुणाच्या खोलीत? उत्तर येईल, प्रत्येकाच्या. मग कोणीतरी कुडाळच्या बाजारातून केबल टीव्हीचा स्प्लिटर घेऊन येईल. एक छत्री, एक वायर, तीन खोल्या, तीन बॉक्स. हा प्रयोग बघण्यासारखा आहे. स्प्लिटर जर वीज वर जाऊ देत नसेल तर अंधार, म्हणजे निदान सर्वांना सारखा न्याय. पण वीज जाऊ देणारा असेल तर ओटीवरचा बॉक्स १८ व्होल्ट पाठवतो, माजघरातला १३. वरचा एलएनबी एका वेळी एकाचंच ऐकू शकतो, आणि ज्याचे व्होल्ट जास्त त्याचं ऐकतो. ओटीवर कुस्ती लागली की माजघरातली मालिका नाहीशी होते. माजघर म्हणतं, मुद्दाम केलं. ओटी म्हणते, आम्ही रिमोटला हातही लावला नाही. दोघंही खरं बोलत असतात, आणि चुलीपर्यंत वेगळं होण्याची बोलणी सुरू होतात. इलाज साधा आहे. दोन किंवा चार तोंडांचा एलएनबी घ्यावा आणि प्रत्येक बॉक्सला छत्रीपासून स्वतंत्र वायर ओढावी. खर्च वाढतो. कोर्टाच्या तारखेपेक्षा कमी वाढतो.

सगळं जोडून झालं की चालू करण्यापूर्वी गाऱ्हाणं घालावं. इतर पुस्तिकांत ही पायरी वगळलेली असते, हा त्यांचा दोष. घरातल्या वडीलधाऱ्याने खळ्यात नारळ ठेवून म्हणावं: “बा देवा म्हाराजा, आज ह्या घराक जी छत्री लागता, तिका वाऱ्यापावसाचो, माकडाचो उपद्रव होव नये. आणि कोणाच्या पोटात दुकत आसात, तर ता आत्ताच भायर काड रे म्हाराजा!” बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणावं. कोण म्हणत नाही ते बघून ठेवावं.

माकडांच्या बाबतीत मात्र देवावर विसंबू नये. एलएनबीचा दांडा त्यांना झोका म्हणून फार सोयीचा पडतो. थोडीशी ढील पडली तरी चित्र जाऊ शकतं. बोल्ट आवळल्यावर तव्याच्या कडेला आणि पाइपला रंगाची एक खूण ओढून ठेवावी, म्हणजे निदान किती हललं ते दिसेल.

देखभालीबद्दल थोडक्यात. जोराच्या पावसात चित्राचे तुकडे होऊन थांबणार. या लहरींची लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर, पावसाच्या धारा त्यांना शोषतात आणि विखरून टाकतात. तक्रार करण्याचं कारण नाही, कारण असा पाऊस येण्याआधी पाच मिनिटं लाईट गेलेली असते. मार्चच्या मध्याला आणि सप्टेंबर संपून ऑक्टोबर लागताना काही दिवस सकाळी अकराच्या सुमारास स्वच्छ उन्हात चित्र जाईल. तेव्हा सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि त्याच्या गोंगाटात बिचाऱ्याचा आवाज बुडतो. काही मिनिटांत परत येतं. शेजारच्या घरावर संशय घेऊ नये. मे महिन्यात आणि परतीच्या पावसात विजा चमकू लागल्या की नुसता स्विच बंद करून भागत नाही. टीव्ही आणि बॉक्सचे प्लग काढावेत आणि छत्रीकडून येणारी वायर बॉक्सच्या मागून सोडवून ठेवावी. ही एक सूचना आम्ही अजिबात गमतीने देत नाही.

शेवटचं काम कागदाचं. घर दहा महिने बंद राहणार, रिचार्ज संपणार, आणि हरतालिकेच्या आदल्या दिवशी मंडळी तुतारी एक्स्प्रेसमधून उतरून बॉक्स चालू करणार, तेव्हा तो काळा पडदा दाखवून म्हणणार: रजिस्टर्ड मोबाईल नंबरवरून संपर्क करा. हा नंबर कोणाचा, हे त्या क्षणी कुणालाही ठाऊक नसतं. तो गेल्या साली वारलेल्या तात्यांचा असू शकतो, बसवायला आलेल्या आणि आता गोव्यात नोकरी करणाऱ्या पोराचा असू शकतो, किंवा ज्या भावाशी बोलणं बंद आहे त्याचा. यांपैकी शेवटची शक्यता दाट, कारण पहिल्या वर्षी पैसे त्यानेच भरलेले असतात. तरी अर्ज भरताना सातबाऱ्यावर ज्यांची नावं आहेत त्या सर्वांना समोर बसवून, जो गावातच राहतो आणि फोन उचलतो अशा माणसाचा नंबर द्यावा. असा माणूस घरात नसेल तर नंबर काकींचा द्यावा, आणि माडाचा विषय पुन्हा काढू नये.