दारात डोंगा

"काकू, राती तुमच्या दारात काय उभं होतं वो? मले तं वाटलं, इमानाचा तुकडा होय."

"डोंगा होय माय तो. एक नाई, दोन. मधात जाळी बांधेल. माह्या भाच्यानं आनला हैद्राबादहून, खंडव्याकडे नेऊन राह्यला."

गल्लीत बातमी रात्रीच फिरली होती, मला तपशील हवा होता. तपशील काढायला कुंपणासारखी जागा नाही. घरात बसवलं की चहा होतो, आणि चहा समोर आला की माणूस जपून बोलतो.

काकूंचा भाचा हुसेनसागरावर शिडाच्या होड्यांची देखभाल करतो. समुद्र नसलेल्या त्या शहरात अशा होड्यांचे क्लब आहेत आणि भर पावसाळ्यात तलावात शर्यती होतात. तिथली एक जुनी कॅटामरान, म्हणजे ही जोडहोडी, नर्मदेवरच्या इंदिरा सागर धरणाकडच्या कुणा हौशी माणसाने विकत घेतली. ती पोचवायचं काम याच्याकडे. पिकअपच्या मागे लांब ट्रॉली जोडायची, 161 नंबरच्या महामार्गाने नांदेड, हिंगोली, वाशीम करत यायचं आणि अकोल्याकडे निघण्याआधी मालेगावात आत्याकडे टेकायचं.

"पण काकू, मोठे डोंगे तं पाण्यातूनच जातात नं? आपल्या नेव्हीतले दिलीप दोंदे 2009 मंधी 'म्हादेई' घेऊन निघाले अन् एकट्यानं पृथ्वीले चक्कर मारून आले. त्याईले कुठी ट्रॉली लागली?"

"त्याईले समुद्र होता बाई. हैद्राबाद ते खंडवा कोनता समुद्र हाय, सांग बरं मले?"

मी गप्प. काकू शाळेत गेल्या असत्या तर आमच्या हेडमास्तरांचं काही खरं नव्हतं.

या होडीला होबी 16 म्हणतात. कॅलिफोर्नियात लाटांवर घसरायच्या फळ्या बनवणाऱ्या होबी ऑल्टर नावाच्या माणसाने ती पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी काढली. लांबी 5 मीटर, रुंदी 2.41 मीटर, वजन 145 किलो, म्हणजे दीड क्विंटललाही कमीच. आपल्याकडे रस्त्यावर गाडीची रुंदी 2.6 मीटरच्या आत लागते, त्यात ही बसून जाते. 1976 ते 2008 ऑलिंपिकात धावलेली टॉर्नाडो नावाची जोडहोडी तीन मीटर रुंद. तिला न्यायचं तर तिरकी टेकवा नाहीतर सुटी करा.

"इतकी हलकी हाय, मंग एवढी कायची फिकीर?"

"हलकी हाय म्हनूनच तं! वरून फायबर, खालून फायबर, अन् मधात फोम. पान्यावर असली की पानी तिले सगळीकून धरते. ट्रॉलीवर सारा भार चारच जाग्यावर. गाडी खड्ड्यात गेली की तथीच ठोका बसते. 'आत्या, पान्यानं डोंगा मोडत नाई, रस्त्यानं मोडते,' म्हने."

हे वाक्य काकूंनी तीनदा सांगितलं. मला वाटतं त्यांना भाच्याचं कौतुक त्यातच होतं. आडवे दांडे ज्या पायांवर उभे असतात, ते पाय होडीला जिथे मिळतात तिथली जागा सगळ्यात मजबूत. म्हणून बरोबर तिथे, होडीच्या पोटाच्या आकाराच्या लाकडी खोबण्या करून त्यांना जाड रबर लावलेलं होतं. रोलरवर ठेवलं तर भार एका रेघेवर येतो. वैशाखाच्या उन्हात फायबर नरम पडतं आणि तिथे वळ उठतो. आतला फोम एकदा सुटला की वरून काही दिसत नाही, बोटाने दाबलं तर आत जातं.

"मी म्हनलं, बाप्पा, शिरपूरच्या पारसनाथासारखं अंतराळीच ठेवता आलं असतं तं बरं झालं असतं. तं हासला."

"मंग तुमची गोधडी कोठी गेली? वाळत नाही दिसत आज."

"तेच तं सांगून राह्यली. पट्ट्याखाली घालाले मीच देल्ली. तं आंधी म्हने पानी दे, डोंगा पुसतो. माय वो! नळ आला नाई, रांजनात दोन गुंड पानी, अन् ह्याले डोंगा पुसाले बादली पायजे. म्हनलं, अबे, तो पान्यातला जीव, त्याले कायचं पानी? तं म्हने, धूळ राह्यली की गोधडी पॉलिश पेपरचं काम करते."

बादली मात्र दिली. भाचा शेवटी भाचा.

एवढ्यात काका आले. काकांनी उभा जन्म ट्रकवर काढला, सोयाबीन आणि तूर देशभर पोचवली. माल बांधण्याच्या बाबतीत ते कुणाला गुरू मानत नाहीत. रात्री त्यांनी टॉर्च घेऊन सगळे पट्टे तपासले होते.

"बांधलं बरं होतं पोट्ट्यानं," काका म्हणाले. त्यांच्या तोंडून हे म्हणजे सुवर्णपदक. "डोंग्याच्या पाठीवरून पट्टा नाई आवळला, आडव्या दांड्यावरून घेतला. आवळतानी हातभर जोर राखला. अन् पट्ट्याले एक पीळ देल्ला. सपाट पट्टा वाऱ्यात घूंऽऽ करते, अन् थरथर करू करू ढिला होते. पन म्या सांगतलं त्याले, ताडपत्री टाक."

"अन् नाई टाकली त्यानं," काकूंनी पूर्ण केलं.

त्याचंही कारण होतं. सैल ताडपत्री शंभर किलोमीटर फडफडली की होडीची चकाकी घासून काढते. त्यापेक्षा उघडी बरी. धुळीने बिघडणाऱ्या कप्प्या आणि सुकाणूचे सांधे तेवढे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून वर काकूंचं जुनं लुगडं बांधलं. सुकाणू काढून पिकअपमध्ये, शीड पिशवीत गाडीत. जाळीवर तर चप्पलसुद्धा ठेवू दिली नाही. होडीच्या मागची बुचं उघडी, कारण उन्हात आतली हवा फुगते, तिला वाट हवी.

डोलकाठी 8 मीटरची. ती होडीच्या पुढे-मागे निघते म्हणून ट्रॉलीच लांब. बाहेर आलेली काठी मागच्या मोटारसायकलवाल्याच्या तोंडाशी येते, आणि असा माल नेण्याला कायद्यानेही बंदी आहे. काठीला तीन ठिकाणी टेकू, तारा एकत्र बांधून टोकापर्यंत कापड गुंडाळलेलं.

"पोट्टे मागं लागले होते म्हणे, शीड लावून दाखव म्हणून?"

"तं काय! सगळी बिदी गोळा झाली. 'दादा, एकडाव उभं कर.' हा असा शांत पोट्टा, पन तवा एकदम वरडला. वर बोट दाखवलं. पाह्यलं तं आपल्या लाईनीच्या तारा!"

हे मात्र मला ठाऊक नव्हतं, मी मनातून पोरांच्याच बाजूने होते. ॲल्युमिनिअमची एवढी उंच काठी उभी केली आणि ती विजेच्या तारेला लागली तर धरणारा गेलाच. अमेरिकेत असे बळी गेले, तेव्हा 1980च्या दशकात बनवणाऱ्यांनी काठीचा वरचा भाग वीज न वाहणाऱ्या फायबरचा करून दिला. तरी खालचा भाग धातूचाच, आणि तारा धातूच्याच. म्हणून उतरवायच्या जागी आधी आभाळाकडे पाहायचं आणि मगच काठीला हात लावायचा, असा भाच्याचा नेम.

"सकाळी काय करत होता वाकून चाकापाशी? मले वाटलं पूजा करून राह्यला."

"चाकाच्या मधात हात लावू लावू पाहे," काका म्हणाले. "ट्रॉलीचं चाक लहान, गाडीच्या चाकाहून जादा फिरते. होडी उतरवाले ट्रॉली पान्यात गेली की आतलं ग्रीस धुपते. मंग बेरिंग तापते. हाताले चटका बसला की समजाचं. निघाल्यावर तीसेक किलोमीटरवर एकडाव थांबाचं, पट्टे ओढाचे, चाकं चाचपाचे. मंग दर चहाले तेच. मेडशीले थांब म्हनलं त्याले, घाटाच्या आंधी."

"थांबला का?"

"फोन आलता तथूनच. एक पट्टा दोन बोटं ढिला झाला होता म्हने."

काकांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. पट्टा ढिला झाल्याचं की भाच्याने ऐकल्याचं, सांगता येणार नाही.

"काकू, येवढा निगुतीचा पोरगा. लगन झालं का वो त्याचं?"

"काहून? हाय का कोनी तुह्या पाहन्यात?"

"माह्या नंदेची पोरगी हाय. बी.एस्सी. झाली. पण पगार किती, ते आंधी सांगा."

काकूंनी हातातला खराटा कुंपणाला टेकवला. "अवो, तुमी आत जा बरं," काकांना म्हणाल्या.