कुठल्या गावचे, माउली?

"वहिनी, ओ वहिनी! तुमचा कढीपत्ता तोडतेय हं, दोन डहाळ्या."

"तोडा की, विचारायचं काय त्यात! पण ताई, अप्पांच्या दारात मांडव कसला हो? वर्षश्राद्धाला तर अजून अवकाश आहे."

"श्राद्धाचा नाही हो. परवा एकादशी ना! माउलींची पालखी यायची सासवडला."

"अगंबाई, म्हणजे अप्पा गेले तरी काकू यंदा पाय चोळायचं चालू ठेवणार?"

"ठेवणार म्हणजे काय! काल घंगाळ घासून उन्हात पालथं घातलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं."

"कमाल होती हो अप्पांची. दिवसभर दवाखान्यात कंपाउंडरकी करायची, आणि घरी आलं की गल्लीतल्या पोरांची फुटलेली ढोपरं पुसत बसायचं."

"आणि वारीत तर बघायलाच नको. पुण्याहून सासवड म्हणजे सगळ्यात लांबचा टप्पा. तीस किलोमीटरच्या वर चाल, त्यात दिवे घाट, त्यात एकादशीचा उपास. माणसं ओसरीवर येऊन नुसती कोसळायची. अप्पा पाटावर बसून एकेकाचा पाय मिठाच्या कोमट पाण्यात ठेवायचे, मग पंच्यानं बोटांच्या बेचक्यांतून पुसून काढायचे. एकदा एका म्हाताऱ्यानं फोड फोडायला बाभळीचा काटा काढला, तर हातातनं हिसकावून घेतला. म्हणाले, 'वरची कातडी हीच पट्टी, माउली. ती फाडलीत की पंढरपूर लांबलं.'"

"आणि ती वही!"

"वहीच तर! पट्टी बांधता बांधता विचारायचे, 'कुठल्या गावचे, माउली?' लगेच नोंद. दिवाळी सरली की एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास'चा पास काढायचा, चार दिवसांचा नाही तर सातांचा, आणि निघाली स्वारी."

"ताई, आता बोलते, कुणाला सांगू नका. मी लग्न होऊन इथं आले ना, तेव्हा मला वाटलेलं, यांचं मराठवाड्यात दुसरं बिऱ्हाड असणार."

"तुम्हालाच काय, अख्ख्या गल्लीला वाटलेलं! गेलं ते काकूंच्या कानावर. एक शब्द बोलल्या नाहीत. पुढच्या खेपेला पिशवी भरून निघाल्या बरोबर. परत आल्यावर मला म्हणतात, 'दुसरं बिऱ्हाड नाही गं, चांगली ऐंशी आहेत!'"

"अय्या!"

"मग काय! जिंतूर, गंगाखेड, मेहकर, त्यांच्या आसपासच्या वाड्यावस्त्या. कुणाच्या तरी दारात उभं राहायचं आणि विचारायचं, 'पाय बरा का आता?' औंढ्याला नागनाथाच्या दारावरून गेले हो, ज्योतिर्लिंग ते, पण आत पाऊल नाही. का, तर पुढच्या गावची गाडी चुकेल!"

"येताना हुरडा मात्र न चुकता. आमच्या घरी वाटीभर यायचाच."

"पण घराकडे दुर्लक्ष केलं असं नाही हं. लेकीच्या दोन्ही बाळंतपणांत गावाबाहेर पडले नाहीत. नातवाला रोज संध्याकाळी फोन, आज कुठल्या स्टँडवर आहे ते सांगायला. पोरगा अर्धा भूगोल त्या फोनवर शिकला."

"2022 साली पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट झाली, तेव्हा खूश झाले असतील."

"कुठले! हिरमुसले. म्हणे, 'एवढ्यात म्हातारा ठरवलं!' मग कंडक्टरनं दिलेलं शून्य रुपयाचं तिकीट जपून आणायचे आणि वहीत त्या त्या गावापुढे चिकटवायचे."

"परवा पाटावर बसणार कोण मग?"

"काकू. नातू पाणी देणार. तेल कोमट करून द्यायचं मी अंगावर घेतलंय. तुमच्याकडे धुतलेले पंचे असतील तर काढून ठेवा."

"ठेवते. आणि वही?"

"नवी आणलीय, शंभर पानी. मी म्हटलं, काकू, गावं लिहून घ्याल, पण जाणार कोण? तर म्हणाल्या, 'श्रावणात मला पंचाहत्तर पूर्ण होतात. मग तिकिटाची काय काळजी!'"

"बाई बाई! एकटीच बाई निघाली म्हणून गल्ली पुन्हा बोलणार हो."

"एकटी कशाला? पिशवी धरायला मी जातेय की. त्यांना फुकट, मला बायकांचं अर्धं तिकीट. तुम्ही येताय?"