चॅनेलधारक रयतेसाठी तहकुबीचे नियम

ज्यांना मनोविकाराने गाठले आहे आणि दर मंगळवारी सायंकाळी सहा वाजता नवा व्हिडिओ टाकण्याचे वचनही ज्यांनी आपण होऊन जगाला देऊन ठेवले आहे, अशा स्त्रीपुरुषांच्या उपयोगासाठी हे मार्गदर्शन सिद्ध केले असून, त्यातील मूळ कल्पना आमची नव्हे, जुन्या मुंबई इलाख्याच्या महसूल खात्याची आहे, हे आरंभीच नमूद केलेले बरे.

हे खाते दयाबुद्धीबद्दल कधीच प्रसिद्ध नव्हते. तथापि सोळा आण्यांपैकी पीक चार आणे किंवा त्याहून कमी आल्यास त्या वर्षाचा शेतसारा संपूर्ण तहकूब व्हावा, असा नियम त्याच्या दप्तरी होता, आणि १९१८ साली खेडा जिल्ह्यात गांधीजींनी सत्याग्रह आरंभिला तोही या नियमाविरुद्ध नव्हे, तर पीक चार आण्यांच्या वर गेल्याचे सांगणाऱ्या सरकारी आकड्याविरुद्ध. रील करणाऱ्या रयतेची अवस्था याहून शोचनीय आहे. कारण येथे रयत, तलाठी, मामलेदार आणि जप्तीचा शिपाई ही चारही पदे एकाच इसमाकडे असून, त्या इसमाने सोळा आणे वसुलीखेरीज दुसरा नियमच केलेला नसतो.

सबब प्रथम आणेवारी करावी. निद्रा, स्नान, भोजन आणि औषध अशा चार बाबी धरून प्रत्येकीस चार आणे द्यावेत, आणि बेरीज चारच्या आत आली तर त्या आठवड्याचा मंगळवार विनातक्रार तहकूब समजावा. मात्र ही पाहणी स्वतः करू नये. विषादात बुडालेल्या मनुष्यास उभे पीकही करपलेले दिसते, उन्मादाच्या भरात त्यालाच खडकावर ऊस डोलताना दिसतो. द्विध्रुवीय विकार असलेल्यास तर पहाटे तीन वाजता शंभर भागांची मालिका सुचते, झोपेची गरजच उरली नाही असे वाटू लागते, आणि ही अवस्था दैवी प्रसादाची नसून डॉक्टरांना तातडीने कळवण्याची आहे, हे त्या घटकेस त्याला कोणी पटवू शकत नाही. म्हणून घरातील ताई, आई किंवा सहधर्मचारी यांपैकी एकास आधीच, चांगल्या दिवसांत, पंच नेमावे, आणि मध्यरात्रीनंतर स्फुरलेली कोणतीही घोषणा दोन रात्रींची पुरती झोप व पंचाची संमती यांवाचून प्रसिद्ध न करण्याचा दंडक घालून घ्यावा.

नियमितपणाशी आमचे वैर आहे, असा ग्रह मात्र कोणी करून घेऊ नये. लिथियम घेणाऱ्या रुग्णाला ते ठरल्या वेळी घ्यावे लागते, रक्तातील त्याचे प्रमाण वाजवीपेक्षा उणे वा अधिक होऊ नये म्हणून वरचेवर तपासून घ्यावे लागते. आणि पिट्सबर्गच्या एलन फ्रँक यांनी तर उठणे, जेवणे, माणसांत मिसळणे व निजणे यांच्या ठरावीक वेळांवरच द्विध्रुवीय विकाराची एक उपचारपद्धती उभारली आहे. वर्षानुवर्षे रात्री नऊची गोळी न चुकवणाऱ्या माणसाला सातत्य नाही असे म्हणणाऱ्यांची आम्हांस कीव येते. त्या गोळीला लाइक मिळत नाहीत, एवढेच. तेव्हा आपल्यापाशी असलेला नियमितपणा प्रथम अंथरूण, ताट आणि औषधाची डबी यांच्यावर खर्ची घालावा व शिल्लक उरल्यास चॅनेलकडे वळवावा.

येथे अल्गोरिदमच्या कोपाची शंका हटकून निघते. आवक घटते हे खरे, आणि ज्यांची चूल तिच्यावर पेटते त्यांनी बऱ्या महिन्यांत दोन-तीन व्हिडिओ कणगीत टाकून ठेवावेत. परंतु त्या प्लॅटफॉर्मरूपी सरकारचे लेखी कायदे एकवार वाचावेत, कारण ते ऐकीव कायद्यांहून पुष्कळ सौम्य आहेत. यूट्यूबवर जाहिरातींच्या उत्पन्नाचा रूढ मार्ग १००० सबस्क्रायबर आणि मागील १२ महिन्यांतील ४००० तास पाहणी असा असून त्यात मंगळवारचा उल्लेख नाही. आणि निष्क्रियतेबद्दल उत्पन्न बंद होऊ शकते ते सहा महिने वा अधिक काळ व्हिडिओ नाही, साधी पोस्टही नाही, अशी स्थिती असल्यास. सहा महिन्यांची सवलत देणाऱ्या दरबाराच्या नावाने स्वतःवर सहा तासांत जप्ती आणणारा शिपाई कोणाच्या हुकमाने वागतो, याची चौकशी अवश्य व्हावी.

पीक समूळ बुडाले, जगणेच नकोसे झाले, तर आणेवारीची वाट पाहू नये. २०२२ पासून केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र चालू आहे, तेथे फोन करावा, आणि स्वतःच्याने न झाल्यास पंचाने लावून द्यावा.

तहकुबी संपवून चॅनेलवर परतताना माफीनामा चित्रित करण्याची जी चाल पडली आहे ती सर्वस्वी त्याज्य होय. बहुसंख्य प्रेक्षकांना आपण गेलो होतो हे त्या माफीनाम्यावरूनच प्रथम कळते. त्याऐवजी तहकुबीच्या आरंभीच जाहीरनामा लावावा, त्याचा नमुना असा असावा: “चालू हंगामाची वसुली तहकूब आहे. जुने व्हिडिओ पाहण्यास मनाई नाही.” कारणाचा रकाना कोरा ठेवावा, भरायचाच झाल्यास ‘तब्येत’ एवढे पुरे, आणि त्यावर एखाद्या हितचिंतकाने पहाटे उठण्याच्या फायद्यांची यादी पाठवली तर ती पोच न देता दप्तरी दाखल करावी.