एकूण बेरीज बरोबर

माझ्या हर्नियाने गेल्या महिन्यात सार्वजनिक आरोग्य प्रशासनाला थोडा हातभार लावला, तो कसा ते सांगतो.

कंबरेत सुई टोचून भूल दिली की माणूस सरकारी खात्यासारखा होतो. वरचा भाग शुद्धीवर असतो, बोलतो, सूचना देतो. खालचा हलत नाही. अशा अवस्थेत मी एका जिल्ह्याच्या इस्पितळात (नाव कशाला घ्या, साचा एकच) टेबलावर आडवा होतो. तोंडापुढे हिरवा पडदा. त्याच हॉलमध्ये पाच-सात पावलांवर दुसरं टेबल आणि त्यावर पित्ताशयवाले एक गुरुजी, पूर्ण भुलीखाली, म्हणजे माझ्यापेक्षा सुखी. आणि कोपऱ्यात, हिरवा गाऊन पुढचा मागे घालून, मोबाइलवर स्टॉपवॉच लावून उभे असलेले एक साहेब.

साहेब कार्यक्षमतेच्या कुठल्याशा समितीचे सदस्य होते. शस्त्रक्रियांची प्रतीक्षायादी लांबली होती, नऊची पहिली केस दहाशिवाय टेबलावर येत नव्हती, तेव्हा ‘परिचारिकांचा वेळ नेमका जातो कुठे’ हे शोधण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली होती. परिचारिकाच कुठे गेल्या, हे शोधण्यासाठी वेगळी समिती आहे. ती अजून नेमायची आहे.

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांप्रमाणे मोठ्या शस्त्रक्रियेच्या एका टेबलाला दोन परिचारिका लागतात. एक वॉशअप होऊन सर्जनच्या हातात अवजार ठेवणारी, दुसरी फ्लोअरची, म्हणजे टेबलाबाहेरचं उरलेलं जग सांभाळणारी. वर रजेसाठी ३० टक्के राखीव. या हिशेबाने आमच्या दोन टेबलांना चार सिस्टर आणि राखीवपैकी एखादी, अशा पाचजणी हव्या होत्या. एक प्रतिनियुक्तीवर होती, एक बाळंतपणाच्या रजेवर, एकीची जागा जाहिरातीत होती, एकीची फाइल मंत्रालयात. राहिली राखीव. राखीव म्हणजे जिची त्या दिवशी सुट्टी होती आणि जिला सकाळी सात वाजता फोन करून बोलावलं ती. ट्रॉलीपाशी दोन्हीकडे एकेक इंटर्न उभा केला होता, आणि त्या दोन ट्रॉल्या, दोन टेबलं, दोन सर्जन, एक भूलतज्ज्ञ, गुरुजी आणि मी, असा सगळा संसार त्या एका सिस्टरच्या पदरात होता.

पडद्यामुळे मला दिसत काही नव्हतं. ऐकू मात्र सगळं येत होतं. साहेब मोबाइलमध्ये हळू आवाजात नोंदी बोलत होते. “दहा वाजून बारा मिनिटे. परिचारिका उभी आहे.” थोड्या वेळाने, “दहा चौदा. परिचारिका अद्याप उभी आहे.”

त्या दोन मिनिटांत मी काय ऐकलं ते सांगतो. सिस्टरनी माझ्या सर्जनच्या गाऊनची मागची नाडी बांधली, दिवा डावीकडे वळवला, टाक्याचं पाकीट फाडून इंटर्नच्या हातात न शिवता टाकलं, गुरुजींकडची सक्शनची नळी निसटली होती ती लावली, फोनवर ब्लड बँकेला “आत्ता नको, तयार ठेवा” म्हणाल्या, फळ्यावर गॉजचा आकडा वाढवला, मला “काका, हात हलवू नका, सलाइन निघेल” म्हणून दटावलं आणि मावशींना सांगितलं की बाहेर थांबलेल्या बाईचे दागिने नातेवाइकांकडे द्या आणि सही घ्या. यांतलं काहीही बसून करता येत नाही. त्यामुळे त्या उभ्या होत्या, ही साहेबांची नोंद तशी अचूकच.

पहिली केस उशिरा का सुरू झाली याचंही उत्तर साहेबांकडे तयार होतं. लिफ्टमध्ये जेवणाची गाडी अडकली होती, ऑटोक्लेव्हमधून ड्रम आले नव्हते आणि माझा मेहुणा योजनेच्या कागदांसाठी आधार कार्डाची झेरॉक्स काढायला चौकात गेला होता. रकाना मात्र एकच होता, ‘परिचारिकेमुळे झालेला विलंब’. साहेबांनी तिन्ही कारणं त्यात दाटीवाटीने बसवली.

मधल्या निवांत वेळात ते भूलतज्ज्ञांना गिलब्रेथची गोष्ट सांगू लागले. फ्रँक गिलब्रेथ हा मूळचा गवंडी. वीट रचायला लागणाऱ्या १८ हालचाली त्याने पाचावर आणल्या आणि १९११ साली ‘मोशन स्टडी’ नावाचं पुस्तक लिहिलं. “आपणही तेच करणार आहोत,” साहेब म्हणाले. “वीट काय अन् वेदना काय, हालचाल ती हालचाल.”

साहेबांनी बहुधा विटांपर्यंतच वाचलं होतं. हाच गवंडी पुढे कॅमेरा घेऊन शस्त्रक्रियागृहांत शिरला आणि त्याच्या लक्षात आलं, की सर्जनचा निम्म्याहून अधिक जीव अवजारं हुडकण्यात खर्च होतोय. त्यावर उपाय काय सुचवला, तर शेजारी एक माणूस उभा करा, जो मागितलं की अवजार हातात ठेवील. म्हणजे हालचाली वाचवण्याचं शास्त्र ज्याने काढलं, त्याने शस्त्रक्रियागृहात आल्यावर माणूस वाढवला! पडद्याआडून हे सांगावंसं मला फार वाटलं. पण कंबरेखाली दुसऱ्याच्या हातात सुरी असताना मी कुणाची चूक काढत नाही.

याच गिलब्रेथने पुढे पोटच्या पोरांच्या टॉन्सिलची शस्त्रक्रिया घरी मांडली आणि चित्रीकरणाला माणूस बसवला. सगळ्यांचे टॉन्सिल निघाले, कॅमेऱ्याच्या भिंगावरचं झाकण तेवढं निघालं नव्हतं, असं त्याच्या मुलांनीच लिहून ठेवलंय. अवजारं देणारे, कापणारे, टिपणारे सगळे हजर होते. फ्लोअरची सिस्टर नसावी.

“एसटीने विनावाहक गाड्या काढल्याच ना?” साहेब पुढे म्हणाले. “प्रवासी पोचतातच.” पोचतात, खरं आहे. पण त्या गाड्या विनाथांबाही असतात, हे माझ्या मनात आलं. आमच्या सर्जनला तर मधल्या प्रत्येक थांब्यावर कुणाला तरी हाक मारावी लागत होती.

आणि मग तो प्रसंग आला. जाळी बसली, आता शिवायचं. सिस्टर मोजू लागल्या. मोठ्याने मोजतात; मोठ्यानेच मोजायचं असतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची यादी काढली, तिच्या शेवटच्या भागात अवजारं, गॉज आणि सुया यांचा हिशेब नर्सने तोंडाने सांगायचा असतो. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांत ही यादी वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आले. एवढी स्वस्त यादी म्हटल्यावर ती आपण घेतली, छापली आणि बऱ्याच ठिकाणी सकाळी चहाबरोबर दिवसभराच्या सगळ्या रुग्णांच्या नावे टिक करून ठेवण्याची सोयही केली. ही सिस्टर त्यांतली नव्हती.

“...सतरा, अठरा, एकोणीस.” थांबल्या. पुन्हा मोजलं. एकोणीस. फळ्यावर वीस.

“डॉक्टर, शिवू नका.”

शरीरात विसरलेल्या गॉजला वैद्यकात गॉसिपिबोमा असं खमंग नाव आहे. त्याचा गप्पांशी संबंध नाही. गॉसिपिअम म्हणजे कापूस. विदर्भातल्या शेतकऱ्याला ज्या कापसाचा भाव मिळता मिळत नाही, तोच चिमूटभर पोटात राहिला की ग्राहक न्यायालयात त्याला लाखांचा भाव येतो. मला त्या क्षणी ही शेती आपल्या जांघेत नको होती.

“किती वेळ?” साहेबांनी विचारलं.

“सापडेपर्यंत,” सिस्टर म्हणाल्या. दिवसभरात त्यांनी साहेबांना दिलेलं हे एकच उत्तर.

बादली उपडी झाली, चादरीच्या घड्या झटकल्या गेल्या, मामांना ट्रॉलीखाली वाकवलं, सर्जननी पुन्हा आत बोट घालून पाहिलं. साहेबांचं स्टॉपवॉच चालूच होतं. अकराव्या मिनिटाला तुकडा सापडला, गुरुजींच्या बादलीत. आमच्या इंटर्नने लांबून भिरकावला होता, त्याचा नेम शेजारच्या टेबलावर गेला, आणि सिस्टर तेव्हा गुरुजींची क्लिप आणायला कपाटाशी होत्या. आता गुरुजींकडे एक जास्त भरत होता.

“म्हणजे एकूण बेरीज बरोबरच होती,” साहेब म्हणाले, आणि ‘अनुत्पादक वेळ : ११ मिनिटे’ अशी नोंद मी स्वतःच्या कानांनी ऐकली.

टाके काढायला गेलो तोवर अहवाल मंजूर झाला होता. सिस्टर दोन टेबलांमध्ये वाकडीतिकडी चालते, तिने सरळ चालावं म्हणून जमिनीवर पिवळी पावलं चिकटवायची, अशी शिफारस होती. गौरी आणताना दारापासून काढतात तशी. फक्त ही नऊ नंबरच्या पुरुषी बुटांची होती, कारण निविदेत तोच नमुना आला. चिकटवणारा माणूस गुडघ्यांवर बसून काम करत होता, गोंद वाळेपर्यंत शस्त्रक्रियागृह बंद होतं आणि बाहेर बाकावर बसून सिस्टर दुपारी एक वाजता डबा खात होत्या. मला पाहून म्हणाल्या, “काका, बसा. आज वेळ आहे.”