बिबट्याची हद्द

पुणे ग्रामीण पोलिसांचे मुख्यालय पाषाण रस्त्यावर, म्हणजे भर पुणे शहरात आहे. खेडी शहरातूनच नीट दिसतात, असा सरकारी अनुभव असावा.

१५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवडला स्वतंत्र आयुक्तालय मिळाले. चाकणचे कारखाने तिकडे, जुन्नर-आंबेगावचे बिबटे इकडे, अशी वाटणी झाली.

जुन्नर तालुक्यात जुन्नर, नारायणगाव, ओतूर आणि आळेफाटा इथे ठाणी आहेत. आळेफाटा म्हणजे मुळात रस्त्यांचा चौक. पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर मार्ग तिथे भेटले, बाजार वाढला, ठाणेही आले. आंबेगाव तालुक्याचे मुख्यालय घोडेगाव, पण गर्दी मंचरला. घोडेगावच्या वाट्याला भीमाशंकरचा श्रावण येतो. तेव्हा गुन्हेगारांपेक्षा भाविकांच्या गाड्याच आवरत नाहीत.

गावात १९६७च्या ग्राम पोलीस कायद्यातला पोलीस पाटील आहेच. उसात काय हलले, हे ११२च्या आधी त्याला कळते. मानधन मात्र बेताचे.

बिबट्याला पकडायचे वनखात्याने. पण हल्ल्यानंतर चिडलेले गावकरी महामार्गावर बसले की खाकी वर्दी हजर होते. तिचाही नाइलाज आहे: बिबट्यावर गुन्हा दाखल करता येत नाही, रास्ता रोको करणाऱ्यांवर येतो.